‘येतो’ म्हटलं त्याचा निवाडा

ऊर्जानगरच्या, म्हणजे वीज कंपनीच्या कॉलनीतल्या, ज्या क्वार्टरमध्ये मी पोळ्या करायला जाते, तिथं रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर एक खेळ चालतो. पत्ते नाहीत, कॅरम नाही. कागद, पेन्सिली आणि वेगवेगळ्या आकाराचे फासे असतात. साहेबांचा मुलगा खेळ चालवतो. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. साहेबांची मुलगी खेळते, समोरच्या क्वार्टरमधला एक चष्मेवाला मुलगा खेळतो आणि माझी मुलगी खेळते. ती साहेबांच्या मुलीच्या वर्गात आहे, म्हणून तिला बोलावतात. मी स्वयंपाकघरात असते आणि ती टेबलावर. सुरुवातीला आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नसू.

तिने त्या खेळात जो माणूस घेतला होता त्याला पॅलाडिन म्हणतात. म्हणजे चिलखत घातलेला, घोड्यावरचा, देवासमोर शपथ घेतलेला लढवय्या. त्याची ताकद तलवारीत नसते, शपथेत असते. खोटं बोलायचं नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, दुबळ्याला सोडून पळायचं नाही. त्याने हात ठेवला की दुसऱ्याची जखम भरते. पण शपथ मोडली की हे सगळं जातं. रस्त्याने घरी येताना ती मला हे सांगायची. मी एकदा म्हटलं, हे तर आपल्या विहारातल्या पंचशिलासारखंच झालं. ती म्हणाली, "नाई आई. पंचशील मोडलं तर कोनाचं काई होत नाई. इथी होते."

तिचा पॅलाडिन सगळ्यांच्या पुढे चालायचा. शाळेत हात वर न करणारी माझी पोरगी साहेबांच्या मुलीला म्हणायची, "माझ्या मागं राहा." आणि ती राहायची. कणिक मळता मळता मी ते ऐकत असे. पॅलाडिनची ताकद गेली असती तर ती त्या टेबलावर पुन्हा पोळीवालीची मुलगी झाली असती. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

एका रविवारी गोष्टीत ते एका गावात थांबले. जंगलाच्या कडेचं गाव. एका म्हातारीने त्यांना जेवू घातलं. निघताना माझी मुलगी म्हणाली, "येतो, आजी." आमच्याकडे बायकाही येतोच म्हणतात. मग ते पहाडाकडे गेले आणि त्या वाटेला परत फिरकले नाहीत. पुढच्या रविवारी साहेबांच्या मुलाने सांगितलं की लुटारूंनी ते गाव जाळलं. सगळे जंगलात पळाले, म्हातारी पळाली नाही. त्याने म्हातारीचा कापरा आवाज काढला, "वो येतो बोलके गया है. आएगा. मैं कहीं नहीं जाती." आणि ती घरासकट जळाली.

मग तो माझ्या मुलीला म्हणाला, "तेरे पॅलाडिन ने वचन तोड़ा. शपथ गई. सब पॉवर मिटा दे."

"कोनतं वचन?"

"तूने ही बोला था ना, येतो. मतलब वापस आऊँगा."

"अरे, जाताना येतोच म्हणतात! जातो म्हणते का कोणी?"

साहेबांचं घर हिंदीवालं. मुलं इथंच वाढली, मराठी समजते त्यांना, मुलगी तर बोलतेही. पण त्यांच्या घरात ‘आता हूँ’ म्हणून बाहेर पडलेला माणूस खरंच परत येतो, दूध घेऊन येतो, पेट्रोल भरून येतो. मुलाने येतोचा अर्थ तोच लावला.

चष्मेवाला हसायला लागला. "भाऊ, माझा फुफा दरवेळी येतो म्हणून जाते. आम्ही मागून हात जोडतो, बाबा नोको येऊ."

"फुफा तुझा पॅलाडिन आहे का?" साहेबांची मुलगी म्हणाली. मग माझ्या मुलीकडे पाहून, "तू आहेस ना देवमाणूस? मग जपून बोलायचं होतं."

"मी इमानदारीनं निरोप घेतला."

"और बुढ़िया मर गई."

असं बराच वेळ चाललं. माझी मुलगी पेन्सिल घट्ट धरून बसली होती, कागदावर टेकवत नव्हती. मग साहेबांच्या मुलाला काय सुचलं कोण जाणे. "बाई को पूछते हैं. वो तो पक्की यहाँ की हैं. बाई, इकडे या ना! तुम्ही सांगाल ते फायनल."

मला चार माणसांत बोलता येत नाही. विहारातही मी खांबाआड बसते. मी गॅस बारीक केला आणि पिठाच्या हाताने दारापर्यंत आले. सगळे माझ्याकडे पाहत होते. त्याने मला हिंदीत पुन्हा विचारलं, जाताना माणूस येतो म्हणाला तर ते वचन की नाही?

माझ्या मुलीचा बाप मूल गावच्या बसस्टँडवरून येतो म्हणून गेला. धान रोवण्याचे दिवस संपले होते, हाताला काम नव्हतं. तो हैदराबादकडे बांधकामावर जाणार होता. मुलगी माझ्या कडेवर होती. तिच्या गालाला हात लावून तो म्हणाला, येतो. त्यानंतर तो आला नाही. तिकडेच त्याने दुसरं घर केलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तोवर मुलगी रोज विचारायची आणि मी तिला सांगायची, येतो म्हणाले न ते, मग येतील. मला दुसरं काही सांगायला नव्हतं. तो पत्ता सांगून गेला नव्हता, तारीख सांगून गेला नव्हता. तो एक शब्द होता, तोच मी तिला भाताच्या घासाबरोबर द्यायची. ती झोपायची. कळलं तेव्हा मी सांगणं बंद केलं, तिने विचारणं बंद केलं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

दारात उभी राहून हे सगळं माझ्या डोक्यात होतं. पण समोर ती पेन्सिल धरून बसली होती. मला फक्त तिचा पॅलाडिन वाचवायचा होता.

मी म्हटलं, "तसं म्हनाच लागते. जातो म्हटलं का अशुभ वाटते. त्याले वचन नाई म्हनत."

"पर बुढ़िया तो बैठी रही ना उसके भरोसे?"

"ते तिची चूक. जानारा येतोच म्हनते. त्याच्यावर कोनी वाट पाहत बसते का?"

चष्मेवाल्याने टेबलावर थाप मारली. "संपलं! बाईनं निकाल दिला." साहेबांचा मुलगाही हसला आणि म्हणाला, ठीक आहे, शपथ कायम. मी आत आले. तव्यावरची पोळी करपली होती. बाहेर सगळे हसत होते, त्यात तिचा आवाज नव्हता.

संध्याकाळी आम्ही दोघी निघालो. गेटजवळ कंपनीच्या बस उभ्या होत्या, त्यांच्या बाजूने चालताना मी म्हटलं, "वाचला न तुया पॅलाडिन."

"हो."

बसची रांग संपली तेव्हा ती म्हणाली, "मंग बाबाची पन काई चूक नाई."

"त्याचं काऊन काढून राह्यली?"

"तूच म्हटलं. वाट पाहत बसली ते तिची चूक. मी लहान होतो तवा मले काऊन सांगे, येतो म्हनले न ते, मंग येतीन? तवाच सांगाचं होतं, हे नुसतं म्हनाचं असते म्हनून."

"तुयासाठीच म्हटलं मी ते."

"कोनतं? तवाचं का आताचं?"

दोन्ही तिच्यासाठीच होतं. पण हे तिला रस्त्यावर कसं सांगायचं ते मला कळेना, आणि घरी गेल्यावर तर ती पुस्तक उघडून बसली.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच तिने सांगितलं, "माझ्या पॅलाडिनची शपथ मोडली असंच धरा."

साहेबांचा मुलगा म्हणाला, "अरे, बाई ने तो छोड़ दिया."

"बाईले काय माहीत?" ती म्हणाली. मी आत कांदा चिरत होते. "म्हातारी त्या शब्दावर बसली होती. यानं नुसतं म्हनाचं म्हनून म्हटलं असन. तिनं तर खरं धरलं न? तिची चूक नव्हती."

मग खोडरबराचा आवाज आला. बराच वेळ येत होता, पुष्कळ होतं खोडायला. साहेबांच्या मुलाला बहुतेक वाईट वाटलं. त्याने सांगितलं की प्रायश्चित्त केलं तर शपथ परत मिळते, तसा नियम आहे. तिने विचारलं, "म्हातारी परत येते का?" तो नाही म्हणाला. "मंग राहू दे."

आता तिचा माणूस सगळ्यांच्या मागे चालतो. साधी तलवार, कोणाच्या जखमेवर हात ठेवत नाही. ‘मागं राहा’ हे आता साहेबांची मुलगी म्हणते, आणि तिला ते म्हणायला आवडतं. कधी कधी तर माझ्या मुलीला काय करणार हे विचारायचंही विसरतात. फासा तिच्यासमोरून तसाच पुढे जातो.

कोणी म्हणेल, वाट तूही पाहिली होतीस, पोरीने तुझ्याच बाजूने निकाल दिला. दिला असेल. मला त्यात काही गोड वाटत नाही. ज्याने येतो म्हटलं त्याचं काय गेलं? आमच्या गावचा एक जण मागच्या उन्हाळ्यात हैदराबादकडून आला. सांगत होता, तिच्या बापाची तब्येत चांगली झाली, मोटरसायकल घेतली, दोन पोरांना पुढे-मागे बसवून फिरतो. त्याची ताकद कोणी खोडली नाही. खोडली ती माझ्या पोरीने, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या कागदावरची. त्या टेबलावर तिला एक जागा होती. तीही तो घेऊन गेला, आणि त्याला हे माहीतसुद्धा नाही.

आणि ती मला बाई म्हणाली. घरी आईच म्हणते. तिथं बाई म्हणाली ते रागाने की त्या घरात तसंच म्हणतात म्हणून, हे मी तिला विचारणार नाही. ती खरं सांगेल.