अनंताची शिसारी

कोसळे सरांना अनंताची शिसारी होती. फळ्यावर गणित सोडवताना उत्तरात ते आडव्या आठासारखं चिन्ह आलं, की त्यांचा चेहरा भातात केस निघाल्यासारखा व्हायचा. "हे उत्तर न्हाय, गणिताची ओकारी हाय," म्हणायचे आणि डस्टर न शोधता तळहातानंच पुसून टाकायचे.

कोसळे हे त्यांचं आडनाव नव्हे. बेळगावच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. धडा कुठलाही असो, गाडी शेवटी कोसळणाऱ्या ताऱ्यावर यायची, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. इंधन संपलेला मोठा तारा स्वतःच्याच वजनानं आत कोसळतो. मान्य समीकरणं सांगत, की तो कोसळतच जातो, एका बिंदूपर्यंत, आणि तिथली घनता अनंत. सरांना ते पटत नसे. अणूच्या जगाचे नियम गुरुत्वाकर्षणालाही लागू असणार, म्हणजे समीकरणांत बारीक दुरुस्ती हवी, आणि तीच हे कोसळणं थांबवील, असं त्यांचं म्हणणं. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास ते याच विषयावर पीएच.डी. करत होते. मी तेव्हा वडगावहून सायकलनं येणारी शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.

सर निपाणीचे. आई विड्या वळायची. त्यांच्या वस्तीतून कॉलेजात शिकवणारे ते पहिलेच. स्टाफरूममध्ये त्यांचा कप इतर कपांत मिसळू नये, याची काळजी घेतली जायची. घेणारे सगळे विज्ञानाचे पदवीधर. हे घाणेरडं आहे, असं मी एकदा बोलले, तर सर म्हणाले, "कपाचं सोड गं. गणितात घाण नको."

मग एके दिवशी त्यांच्या गणितात तारा थांबला. लहान होत होत एका आकाराला अडला आणि उलट फुलू लागला. बातमी फुटली तशी तीच माणसं सरांच्या खांद्यावर हात टाकू लागली. विभागप्रमुख त्यांचे मार्गदर्शक. त्यांनी सत्काराचा घाट घातला आणि आपलाही फोटो छापायला दिला.

सत्काराच्या आधी सर प्रयोगशाळेत प्रमुखांपुढं उभे राहिले. मी तिथं उपकरणं आवरत होते.

"सर, प्रबंध मागं घेतो," ते म्हणाले. "तारा थांबतोय तिथं माझी दुरुस्ती मूळ समीकरणाएवढीच मोठी झालीया. मग पुढच्या दुरुस्त्या, ज्या मी बारीक म्हणून सोडल्या, त्याबी तेवढ्याच मोठ्या असणार. त्या धरल्यावर तारा थांबतोय का न्हाय, मला सांगता येत न्हाय."

प्रमुख हसले. "अहो, तपासणार कोण? परीक्षक माझेच मित्र आहेत. पदवी घ्या, बढती घ्या, मग करा दुरुस्त्या."

"मला कळलंय न्हवं."

"तुमच्या लोकांना कधी नव्हे ती संधी मिळतेय, आणि तुम्ही..."

"शिसारी येती सर," कोसळे सर एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

प्रबंध गेला, बढती गेली. वर्षभरात त्यांनी निपाणीच्या ज्युनियर कॉलेजात नोकरी धरली. खरं बोलून ते हलके झाले असतील, असं मला वाटलं होतं. मी भेटायला गेले तर माणूस निम्मा झालेला. वस्तीनं मिरवणूक ठरवली होती, आईनं नवं लुगडं घेतलं होतं. "तिला कसं सांगितलंत?" मी विचारलं.

"चुकलं म्हणालो. तिनं इचारलं, चूक कुणी धरली? म्हटलं, मीच. मग बरं, म्हणाली आणि विड्या वळाय लागली."

ते गणित त्यांनी पुन्हा पुन्हा मांडलं. सुटलं नाही. पन्नाशीही गाठली नव्हती, तोच हृदयविकारानं गेले.

बेळगावच्या कॉलेजात शोकसभा झाली. मी तिथंच शिकवू लागले होते. जुने विभागप्रमुख आता प्राचार्य झाले होते. रुमालानं डोळे टिपत ते म्हणाले, "आमच्या या सहकाऱ्यानं माझ्या मार्गदर्शनाखाली कोसळता तारा थांबवून दाखवला."

मी उठून म्हणाले, "सरांनी ते मागं घेतलं होतं. तारा थांबतो की नाही, त्यांना माहीत नव्हतं."

"बसा बाई. ही वेळ नव्हे," प्राचार्य म्हणाले. शेजारणीनं माझा पदर ओढला. मी बसले नाही. मग श्रद्धांजलीसाठी सर्वांनी उभं राहावं, असं जाहीर झालं. खुर्च्या सरकल्या, एकेक जण उठला. मी आधीच उभी होते.