डावा हात लिंगाचा, उजवा भाकरीचा

ज्या पहाटे धरणी हादरली, त्या पहाटे तेरणाकाठच्या एका गावात बसम्मावर घराची भिंत कोसळली. नवरा गेला, थोरला मुलगा गेला. पोटाशी धरलेली वर्षाराणी तेवढी वाचली. लातूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बसम्माचे पोट उघडले, फाटलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढून टाकली, तेव्हा रक्त थांबले. शुद्धीवर आल्यावर तिने एवढेच म्हटले, "धरणीनं तिचा वाटा घेतला. आता ती माझ्याकडं काई मागणार न्हाई."

या एका विश्वासावर ती माउली वीस वर्षांहून अधिक जगली.

लातुरात शिकवणीवर्ग वाढले, गावोगावची लेकरे डॉक्टर व्हायला आली आणि बसम्माची खानावळ उभी राहिली. पहाटे स्नान, कपाळी भस्म, डाव्या तळहातावर गळ्यातले इष्टलिंग, उजव्या हाताने पूजा. मग तोच उजवा हात पिठात. चाकूरचे, धर्माबादचे, शिरूर अनंतपाळचे, कुणाचेही लेकरू असो, तिच्या ताटावर बसले की ते तिचे झाले. सगळे तिला अव्वा, म्हणजे आई, म्हणत. वर्षाराणी शिकली, उदगीरला शिक्षिका झाली.

एकदा हात भाजला म्हणून बसम्मा गल्लीतल्या डॉक्टर मुग्धाकडे गेली. ती तरुण डॉक्टर बोलता बोलता पदराआडून दिसलेल्या पोटावरच्या व्रणापाशी थांबली आणि तिने भूकंपातल्या शस्त्रक्रियेची हकीकत विचारून घेतली.

"पाणथरी काढलीय? मग लस कुणी दिली का?"

"कसली लस?"

मुग्धाने खुर्ची जवळ ओढली. "न्यूमोकोकस नावाचा जंतू आहे, अव्वा. तो धडधाकट माणसाच्या नाकाघशातही गुपचूप राहतो. खोकल्या-शिंकांतून पसरतो. छातीत उतरला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणात गेला तर मेंदूज्वर. आणि रक्तात शिरला तर त्याला गाळून काढायचं मोठं काम पाणथरीचं. तुमच्या दारावर तो राखणदारच नाही. म्हणून लस घ्यायची. आणि लस घेतली तरी ताप आला की घरी बसायचं नाही, त्याच घटकेला दवाखाना."

"टोचल्यावर हात दुखतो का?"

"एक-दोन दिवस."

"डावा हात लिंगाचा. पूजेत थरथरला तर? आन उजवा भाकरीचा."

"मग मांडीला देते."

"मग चुलीपुढं मांडी घालून कोन बसंल, तू?"

दोघीही हसल्या. ते हसणे आज आठवले की काळीज चिरते.

"परीक्षा झाली की येते," बसम्मा म्हणाली. परीक्षा झाली, पण लातुरात परीक्षा संपते कुठे? निकाल लागला, नापास झालेली पुन्हा बसली, नवी तुकडी आली. मुग्धा रस्त्यात दिसली की विचारी, "अव्वा, कधी?" बसम्मा हात जोडी, "दसरा होऊ दे, माय." दसरा झाला. संक्रांत झाली. उदगीरच्या लेकीला तिने यातले अक्षरही सांगितले नाही. पोरगी उगाच घाबरेल म्हणून.

माघातल्या एका सकाळी बसम्मा पूजेला बसली आणि डावा तळहात थरथरू लागला. लिंग पडू नये म्हणून तिने उजव्या हाताने डावा हात धरला. अंगात हुडहुडी भरली होती. तरी पूजा पुरी केली, तापाची एक गोळी गिळली आणि परातीपुढे बसली.

जेवायला आलेल्या श्रीशैल नावाच्या पोराने थट्टा केली, "अव्वा, भूकंप आला का काय? परात हालून राहिली!"

"भूकंप मला वळखतो रे. तो असा न्हाई येत. खा गुमान."

"दवाखान्यात चला."

"आज तुमची सराव परीक्षा. उपाशी जाताव काय? दुपारच्याला जाते."

गोळीने ताप थोडा उतरला. ताप उतरला, म्हणजे दुखणे उतरले, असे तिला वाटले. रक्तात मात्र त्या जंतूंचे राज्य सुरू झाले होते. दुपारी ती चुलीपाशीच कलंडली. मुलांनी उचलून मुग्धाकडे नेले तेव्हा बोटे निळी पडली होती, अंगावर जांभळे डाग उमटले होते. मुग्धाने तिथेच औषध टोचले, मोठ्या दवाखान्यात हलवले, स्वतः सोबत गेली. वर्षाराणी पोचली तेव्हा आई तिला तिच्या गेलेल्या भावाच्या नावाने हाका मारत होती.

दुसऱ्या सकाळी सगळे संपले.

"काल उठल्या उठल्या आणलं असतं तर?" वर्षाराणीने विचारले.

मुग्धाने खोटा धीर दिला नाही. "वाचण्याची आशा होती. पाणथरी नव्हती, म्हणून मी सांगितलेली लस घेतली असती तर आणखी होती. तुम्हाला त्या काहीच बोलल्या नव्हत्या?"

वर्षाराणीने नकारार्थी मान हलवली. मग ती म्हणाली, "त्या भूकंपात आणखी किती जणांची पाणथरी काढली असंल, डॉक्टर? त्यांना कोन सांगंल?"



लिंगायतांच्या रीतीने बसम्माला मातीत बसवले. स्वामींनी कपाळी भस्म लावले, बिल्वपत्रे वाहिली आणि तिचे इष्टलिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवले. वर्षाराणी खड्ड्याच्या काठावरून त्या हाताकडे पाहत राहिली. तो हात आता थरथरत नव्हता. मग धरणीने उरलेला वाटाही घेतला.