वहिनींचा लक्ष्मण

सकाळी चहा गाळत होतो तेव्हा दादाचा फोन आला. "वृद्धाश्रमातून कळवलंय. सुमन गेली रे…" एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. वहिनींना तिथे सोडून आलो होतो, तो मीच.

सुमनवहिनी शाळेत चित्रकला शिकवायच्या. लग्न होऊन घाटकोपरला आल्या त्या रंगांची पेटी घेऊनच. लक्ष्मण सीतेला वनात सोडून परत निघतो, तो प्रसंग त्यांनी रंगवायला घेतला आणि उभं राहायला घरात फुकटचा दीर होताच! कॉलेज बुडवून मी चाळीच्या गॅलरीत मान खाली घालून उभा. चित्रात लक्ष्मणाची सीतेकडे पाठ आहे. रथाचा घोडा मात्र मान वळवून तिच्याकडे बघतोय. सीतेच्या डोळ्यांत पाणी नाही, उजवा हात जरासा उचललेला.

"वहिनी, ही रडत का नाही?"

"ती रडली तर त्याचा पाय निघेल का, भाऊजी? आज्ञा थोरल्याची. त्या बिचाऱ्याचं अवघड करून काय मिळणार?"

मी हसलो होतो. पुढे चाळ पडून टॉवर झाला, तरी ते चित्र हॉलमध्ये राहिलं.

गेल्या वर्षी वहिनींची डावी बाजू लुळी पडली. दादाचे गुडघे गेलेले, कामाला बाई टिकेना. "मला झेपत नाही रे. बदलापूरच्या पुढे चांगली जागा आहे. तूच सोडून ये… मला बघवणार नाही." मुलुंडला माझ्याकडे एक खोली रिकामी होती. मी तसं म्हणालो नाही. थोरल्याचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्या घरची रीत. त्या दिवशी ती माझ्या फार सोयीची होती.

फाटकावरची पाटी वाचून वहिनी म्हणाल्या, "आश्रमच ना? वाल्मीकी आहेत का विचारा हो." मी कसनुसा हसलो. सामान लावलं, "येतो" म्हणालो. त्यांचे डोळे कोरडे होते. "सावकाश जा. शीळफाट्याला ट्रॅफिक असेल."

पुढच्या रविवारी, पुढच्या रविवारी करत राहिलो… गेलो तो त्यांना आणायलाच.

दादाला ते चित्र आता घरात नको होतं. मी ते आमच्या रिकाम्या खोलीत लावलंय. लक्ष्मणाची पाठ आहे, सीतेचा उचललेला हात त्याला दिसत नाही. माझ्या गाडीला मात्र आरसा होता. दारातल्या वहिनींचा उजवा हात मला फाटक ओलांडेपर्यंत दिसत होता.