व्हेरिफिकेशन न झालेला भाडेकरू

हरबन्सजींनी मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. घर त्यांचं, पण पोलिसांनी त्यांना जिन्याखाली खुर्चीवर बसवलं होतं. मी त्यांच्यासमोरून बॅग घेऊन वर गेलो.

मी तेव्हा चंदीगडला ड्रग इन्स्पेक्टर होतो. औषधांची दुकानं, कारखाने तपासायचे, नमुने घ्यायचे, हे काम. गोळ्यांचा मामला असला की पोलीस आम्हाला सोबत नेत. वरच्या खोलीत आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या लावलेल्या, मधे गोळ्या दाबायचं छोटं मशीन, आणि पोत्यांत बिनलेबलच्या नशेच्या गोळ्या. मी नमुने काढून लाखेने सील केले. भाडेकरू निखिल आधीच जीपमध्ये होता.

"बुड्ढा मिला हुआ है," पोलीस इन्स्पेक्टर म्हणाला. "व्हेरिफिकेशन नहीं करवाया. क्यों? छुपाना था, इसलिए."

इथे घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांत द्यावी लागते. तेच व्हेरिफिकेशन. आणि घर अशा कामाला जाणूनबुजून वापरू दिलं, तर मालकालाही गोळ्या बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. म्हणजे प्रश्न एकच होता: म्हाताऱ्याला माहीत होतं का?

व्हेरिफिकेशन का झालं नाही, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. हरबन्सजींना आणि मला.

बदलीवर आलो तेव्हा मी स्वतः त्याच वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो होतो. पुढे क्वार्टर मिळालं. निखिल भेटला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. "काका, एकट्या पोराले कोनी खोलीच देत नाही ना बापा," म्हणाला. मी अमरावतीचा. बाहेर सगळी हिंदी-पंजाबी, घरात मुलंसुद्धा हिंदीत उत्तर देणारी. तो वऱ्हाडी सूर ऐकला आणि मी विरघळलो. त्याचं गाव विचारलं, काम विचारलं नाही. लगेच हरबन्सजींना फोन केला.

"बंदा ठीक है, जी?"

"पक्का. घर का लड़का समझो."

"थाने में फॉर्म दे दूँ?"

"अजी छोड़ो. मैं हूँ ना."

नमुने घेऊन मी खाली उतरलो, तेव्हा इन्स्पेक्टर त्यांना विचारत होता, "लड़के को भेजा किसने?"

"किसी जानने वाले ने."

"नाम?"

"याद नहीं."

मी पंचनाम्यावर सही केली आणि निघालो.

घरी आल्यावर डोक्यात शंका सुरू झाल्या. माझं नाव का घेतलं नाही? कोर्टासाठी राखून ठेवलंय? की खरंच यांचा हात आहे, म्हणून विषय वाढवायचा नाही? ही दुसरी शंका मला सोयीची होती. मी ती जपली. पूर्वी ते भाडं रोख मागत, तेही आता संशयास्पद वाटू लागलं.

"अहो, एकदा जाऊन सांगून टाका ना," बायको म्हणाली.

"माझ्यामागे चौकशी लागेल. रिटायरमेंट तोंडावर आलीय."

"आणि त्यांचं काय?"

मी टीव्ही लावला.

कोर्टात मी नमुन्यांपुरतं बोललो. त्यापलीकडे मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. निखिलला मोठी शिक्षा झाली. हरबन्सजींना माहीत असल्याचा पुरावा मिळाला नाही, ते सुटले. पण अशा केसमध्ये जामीन सहजी मिळत नाही. निकाल लागेपर्यंत ते आतच होते.

रिटायर झाल्यावर त्यांच्याकडे गेलो. त्यांनीच चहा केला. वरच्या मजल्याला कुलूप होतं.

"आपने मेरा नाम क्यों नहीं लिया?" मी विचारलं.

"ले लेता, तो आप मुकर जाते," ते म्हणाले. "वो मुझसे देखा नहीं जाता, जी."

मुकरलो नसतो, नाकारलं नसतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग चहा प्यायलो.

हल्ली सकाळी पार्कात आम्हा पेन्शनरांत चर्चा असते, की भाड्याच्या घरात असले कारखाने काढणाऱ्यांची शिक्षा आणखी वाढवा, घरमालकांनाही सोडू नका. वाढवा. माझी हरकत नाही. फक्त एवढंच सांगतो, घरमालकाला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे जाणणारा माणूस कधीकधी सरकारी बाजूने साक्षीला उभा असतो. त्याला तेवढं विचारा. आपणहून तो सांगणार नाही.