हज्जचा पास आणि बसऱ्याची नोकरी

नोकरीतली कितीतरी प्रकरणं डोक्यातून पार गेली, पण हज्जच्या पासांचं हे एक काही केल्या जात नाही. पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशिक शहरात फौजदार होतो. पासपोर्ट मागणाऱ्यांची चौकशी आमच्याच ठाण्याकडे येई, त्यामुळे गावातून कोण परदेशी चाललंय याची मला खडान्‌खडा माहिती आहे, असा माझा समज होता.

तो समज मोडला ठाण्यासमोरच्या फुलवाल्याने. सकाळची हजेरी घेऊन बाहेर आलो, तर हा म्हणतो, "साहेब, आमच्या मोहल्ल्यातले चौघे विणकर दिसत नाय. घरचे म्हणतात, हज्जला गेले. पण माझ्याकडून एक हार गेला नाय! असं असतं का कुठं?"

त्याचं म्हणणं मला तिथेच पटलं. हज्जला निघालेला माणूस आधी दारोदार फिरतो. ज्याच्याशी अबोला असेल त्याचेही हात धरून "बोललं-चाललं माफ करा" म्हणतो. मग सगळा मोहल्ला हार घालून त्याला वेशीपर्यंत पोचवतो. चोरासारखं कुणी जात नाही.

हज्जचे पास कलेक्टर कचेरीतून, आमच्या चौकशीशिवाय मिळत. तिथे विचारलं. चौघांचेही पास एकाच एजंटने काढलेले, आणि परवाच त्याने पाचव्याचा काढला होता. तोही विणकर. त्याच्या घरी गेलो, तर मागाची जागा रिकामी. माग विकून टाकला होता.

"कुठे निघालास?"

"हज्जला, साहेब."

"शेजाऱ्याची माफी मागितलीस?"

पडद्याआडून त्याची बायको बोलली, "हज्जच्या नावावर खोटं नका बोलू हो, गुनाह लागेल! साहेब, हे बसऱ्याला चाललेत, कामाला. माझा भाऊ हाय तिथं, कापडाच्या कारखान्यात. एजंट बोलला, या पासावर पाच वर्षं राहता येतं."

पाच वर्षं! अहो, तो पास यात्रेकरूंचा. यात्रा करायची आणि परतीच्या जहाजाने मुकाट घरी यायचं. बसऱ्यात राहून काम करायचं तर पासपोर्ट हवा आणि त्यावर इराकचा व्हिसा हवा, तोही कामासाठी राहण्याचा. शिवाय जहाज जाणार जेद्दाला. जेद्दा कुठे, बसरा कुठे, मधे अख्खं वाळवंट! माग विकून बसलेला हा माणूस तिथून हाकलला गेला असता, तर घरी परतून खाणार काय होता? माझं डोकं तापलं.

एजंटला ठाण्यात आणला. सुटाबुटातला, बोलायला मोठा गोड. "मी पुण्याचं काम केलं, साहेब. त्यांनी हज्ज म्हटलं, मी पास काढून दिला. आता कामाचं नाव घेतात ते खोटं." लेखी काही नव्हतं. याच्या शब्दासमोर विणकराचा शब्द, एवढंच. एखाद्या नवशिक्याने आवाज चढवला असता. मी चहा मागवला. बढाईखोराला अडवू नये, बोलू द्यावं.

"चौघांना निरोप द्यायला बरीच गर्दी झाली असेल?"

"गर्दी म्हणजे काय, साहेब! सगळा मोहल्ला लोटला होता. मी स्वतः हार घातले. गळाभेटी काय, रडारड काय!"

जबानी लिहून सही घेतली. मग शेजारच्या खोलीत बसवलेल्या माणसांना आत बोलावलं. चौघांचे शेजारी होते, फुलवाला होता, मशिदीतले एक बुजुर्ग होते. माणसं गेली हे त्यांना मागाहून कळलं होतं. बुजुर्ग एजंटकडे बघून म्हणाले, "मियाँ, हज्जला जाणारा माफी मागितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. गप्प राहायला तुम्हीच सांगितलंत ना?"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! बोभाटा केलात तर जागा दुसऱ्याला जाईल, अशी तंबी याच भामट्याने दिली होती. त्याने पाणी मागितलं आणि सगळं भडाभडा ओकला. बसऱ्याच्या नोकरीचं आमिष दाखवून पाचही जणांकडून त्याने पैसे उकळले होते. चौघे मुंबईला मुसाफिरखान्यात होते, जहाज सुटण्याच्या बेतात. मी तार ठोकली. चौघेही जहाजावर चढण्याआधी सापडले! उलट तार आली तेव्हा मी अख्ख्या ठाण्याला जिलबी खाऊ घातली. एजंट पुढे खडी फोडायला गेला.

परदेशात राहायला कोणता परवाना घ्यावा, असं लोक मला अजूनही विचारतात. मी म्हणतो, ज्यावर तुमचं खरं कारण लिहिलेलं असेल तो. उशीर लागेल, खेटे घालावे लागतील, पण झोप लागेल.

विणकराच्या मेहुण्याने बसऱ्याहून मालकाची हमी पाठवली. पासपोर्टची चौकशी माझ्याच टेबलावर आली आणि ती मी आनंदाने निकालात काढली. व्हिसा मिळाल्यावर नवरा-बायको ठाण्यात भेटायला आले.

"साहेब," तो म्हणाला, "मागच्या टायमाला कुणी 'कुठे चाललास' विचारलं की छातीत धडधडायचं. आता कुणी विचारत नाय, तरी थांबवून सांगतो."

आणि खरंच, बाहेर पडताना त्याने दारावरच्या पहारेकऱ्याला थांबवलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "बसऱ्याला चाललो, हवालदारसाहेब! कामाला!"