झाकणांचा ढीग

काळजी करायला हॅलोकाकांना कारण लागत नसे. एखादं मिळालंच तर त्यांना उलट बरं वाटे; निदान आजची काळजी वाया गेली नाही! घराबाहेर पडताना ते कुलूप लावत, ओढून बघत, जिना उतरत, पुन्हा वर येत आणि पुन्हा ओढून बघत. दोनदा तर बायको आत असताना त्यांनी बाहेरून कुलूप लावलं होतं आणि वर ओढूनही बघितलं होतं.

सात मजल्यांच्या एका मोठ्या कचेरीत ते टेलिफोन सांभाळत. एखादा फोन दुरुस्त केला की दुसऱ्या खोलीत जाऊन तिथून त्यावर फोन लावायचा, "हॅलो, हॅलो" असं ओरडायचं, मग आवाज पोचला का हे ऐकायला धावत परत पहिल्या खोलीत यायचं, अशी त्यांची पद्धत होती. साहजिकच आवाज त्यांना कधीच ऐकू येत नसे, पण नाव मात्र पडलं.

अशा माणसाच्या नशिबी बिनतारी फोन आले. कचेरीत नव्या साहेबीणबाई आल्या, त्यांना सगळे मॅडम म्हणत. त्यांना वायरींचा तिटकारा होता. टेबलावरचे जुने फोन काढायचे आणि प्रत्येकाच्या हातात खिशात मावेल असा फोन द्यायचा, असं त्यांनी ठरवलं. खोकीच्या खोकी येऊन पडली. बाहेरची एक कंपनी म्हणाली, महिना लागेल. मॅडमनी काकांना बोलावलं.

"काका, तुम्हाला किती दिवस लागतील?"

खरं उत्तर होतं, 'माहीत नाही.' पण घाबरलेला माणूस फार मोठं बोलतो. "पुढच्या सोमवारी कचेरी उघडेल तेव्हा सगळे चालू," काका म्हणाले आणि हे कोण बोललं म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"छान. जमलं तर टेलिफोनचं काम तुमच्याकडेच राहील. गोंधळ झाला तर ते बाहेर देईन आणि तुम्हाला भांडारात पाठवीन. आधीच सांगितलेलं बरं."

भांडार म्हणजे तळघर. तीन पायांच्या खुर्च्या, झाकण नसलेल्या शाईच्या दौती आणि कोणाला नको असलेली माणसं तिथे ठेवत. तिथे गेलेला माणूस काही दिवसांनी सामानातच मोजला जातो, असं लिफ्टवाला सांगत असे आणि सांगताना बटण तळघराचंच दाबत असे.

काका घरी आले ते पांढरेफटक पडून. बायको मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. मशीन न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एकेक फोन घेऊन टेबलाटेबलाशी फिरणार?"

"मग काय करू?"

"मी एकेक सदरा पुरा करत बसले, तर पोरं नापास होऊन बाहेर पडतील, तरी शिवणं संपायचं नाही. आधी सगळ्या कॉलरी, मग सगळ्या बाह्या, मग सगळी बटणं. तुमच्या फोनला बाह्या असतील ना काहीतरी?"

असतात. काकांनी पद्धत उचलली. आठवडाभर त्यांनी छतांवर बिनतारी संदेशाच्या पेट्या बसवल्या. मग एक फोन कानाला लावून जिन्यात, लिफ्टमध्ये, कपाटामागे, अगदी संडासात उभं राहून "हॅलो, हॅलो" केलं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा एक कारकून बराच वेळ बाहेर यायला तयार नव्हता. शनिवारी सभेच्या लांब टेबलावर खोकी उघडली. आधी सगळ्यांत बॅटऱ्या. मग सगळ्यांत, फोन जोडून देणाऱ्या नव्या एक्स्चेंजसाठी मालकाची ओळख भरली: हा रोखपालाचा, हा दारवानाचा. ओळख एकदा फोनच्या पोटात गेली की पक्की. बाहेरून मात्र सगळे फोन जुळ्या भावंडांसारखे. म्हणून मालकाच्या नावाची चिठ्ठी प्रत्येकाच्या पाठीवर, बॅटरीच्या झाकणावर. पडद्यावर नाव उमटणार होतं ते सोमवारी, नवं एक्स्चेंज सुरू झालं की. संध्याकाळी काम संपलं. इतकं सुरळीत संपलं की काकांना त्याचीच काळजी वाटू लागली.

रविवारी ते पुन्हा गेले. बॅटऱ्या नीट बसल्या असतील ना? एखादी उलटी तर गेली नसेल? त्यांनी पद्धतशीरपणे सगळ्या फोनांची झाकणं काढली, सगळ्या बॅटऱ्या दाबून पाहिल्या, सगळी झाकणं पुन्हा लावली. बॅटऱ्या उत्तम होत्या. मग चिठ्ठ्या वाचून ज्याच्या त्याच्या टेबलावर फोन ठेवला, दारवानानं कचेरीला टाळं ठोकलं आणि काका आयुष्यात पहिल्यांदा कुलूप ओढून न बघता घरी गेले.

जेवताना त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. बायकोचा घास हातातच राहिला.

"अहो, झाकणं काढल्यावर ठेवलीत कुठे?"

"टेबलावर. एका बाजूला."

"एका बाजूला म्हणजे? ढीग करून?"

काकांनी पाणी प्यायला घेतलेला पेला खाली ठेवला. कुठलंही झाकण कुठल्याही फोनला बसत होतं. फोनचं नाव त्याच्या पोटात होतं आणि चिठ्ठी झाकणावर होती.

"शंभरदा सांगितलं, बाह्या सदऱ्याला टाचून ठेवायच्या," बायको म्हणाली. "उंच पोराला बुटक्याच्या बाह्या लागल्या की आई माझ्या दारात उभी राहते. तुमच्या दारात आता सगळी कचेरी."

"भांडारात उजेड तरी असतो का गं?" काकांनी विचारलं.

"उठा. ताट संपवा. सकाळी मी येते बरोबर."

सोमवारी दारवान टाळं काढत होता तेव्हाच दोघं दारात हजर. बायकोच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. घाईत काढायची राहिली होती. नवं एक्स्चेंज सुरू झालं आणि पडदे उजळले. काकांनी पहिल्याच टेबलावरचा फोन उचलला. तोंडावर नाव लिफ्टवाल्याचं, पाठीवर चिठ्ठी रोखपालाची. दुसरा उचलला. तोंडावर टंकलेखिका, पाठीवर दारवान. काकांनी लिफ्टवाल्याचा फोन घेऊन जिना गाठला, तोच मागून फितीनं ओढून धरावं तसा बायकोचा आवाज आला.

"कुठे निघालात?"

"देऊन येतो ना ज्याचा त्याला!"

"सात मजले? एकेक करून? अहो, गणवेश मी घरोघर पोचवते का? मांडून ठेवते, पोरं येतात, आपापला उचलून नेतात. सगळे खाली आणा."

लिफ्टवाला तेवढ्यात आला. "काका, तळघर का?" त्यानं सवयीनं विचारलं, पण काकांचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं वरचं बटण दाबलं. टोपल्या भरभरून फोन खाली आले. दाराशेजारच्या लांब फळीवर, पाहुण्यांच्या बाकांवर, शेवटी दारवानाच्या स्टुलावरसुद्धा मजल्यामजल्याप्रमाणे फोन मांडले गेले. सगळ्यांची तोंडं वर. पहिली माणसं आत शिरली.

"तोंड बघा, पाठ बघू नका!" बायको गळ्यातली फीत नाचवत सांगत होती. "पहिला मजला इकडे! चौथ्यांनो, तिकडे बाकावर! ए, दोन्ही हात कशाला घालतोस, एकच मिळणार आहे!"

"वहिनी, माझ्या पाठीवर टंकलेखिका आहे," दारवान हसत म्हणाला.

"खुशाल असू द्या, घरी सांगू नका म्हणजे झालं."

लोक हसत होते, शोधत होते, दुसऱ्याचा सापडला की हाका मारत होते. काका मात्र प्रत्येक माणूस गेल्यावर रिकामी जागा तपासत होते. दोनच फोन उरले तेव्हा समोर मॅडम उभ्या होत्या.

"काका, फोन टेबलावर असणार होते ना?"

छान सबब तयार होती: मुद्दामच असं मांडलंय. बायको डोळ्यांनी सुचवतही होती. पण काकांना खोटं बोललं की आणखी काळजी लागे. ते खोटं पुन्हा पुन्हा ओढून बघत बसावं लागे. त्यांनी झाकणांचा ढीग, चिठ्ठ्या, रविवार, सगळं भडाभडा सांगून टाकलं.

मॅडमनी आपल्या नावाचा फोन उचलला आणि रोखपालाला लावला. कुठूनतरी वरून घंटी वाजली, उत्तर आलं. मग सातव्या मजल्याला लावला. मग लिफ्टला, लिफ्टवाला दोन मजल्यांच्या मध्ये असूनही "बोला मॅडम" म्हणाला. बायकोनं फीत घट्ट मुठीत धरली होती.

"आणि भांडार?"

असं म्हणत मॅडमनी भांडाराचा नंबर दाबला. घंटी वाजली ती तिथेच, काकांच्या कोपराशी. भांडारवाले अजून आलेच नव्हते. शेवटचा फोन त्यांचा होता. काकांनी तो उचलला आणि मॅडमच्या समोर, हातभर अंतरावर उभं राहून म्हणाले, "हॅलो, हॅलो."

मॅडमनी आपला फोन कानापासून काढला. क्षणभर त्या हसणार असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी तो पालथा केला. पाठीवर काकांच्याच हस्ताक्षरात चिठ्ठी होती: 'भांडार'.

बायकोनं डोळे मिटून घेतले.

"सगळे लागतात," मॅडम म्हणाल्या. "आणि कचेरी उघडली तेव्हा चालू होते, हेही खरं. काम तुमच्याकडेच राहील. बाकीची झाकणं दुपारपर्यंत बदला."

"तुमचं लगेच बदलतो मॅडम, आत्ता," काकांनी हात पुढे केला.

"नको." फोन त्यांनी खिशात टाकला. "हे असंच राहू द्या."

तेव्हापासून मॅडम समोर बसून कोणाशी फोनवर बोलू लागल्या की काकांना त्यांच्या कानापाशी तेवढा एकच शब्द दिसतो. त्या फार वेळ बोलतात. काका उभे राहतात, कोणाला कळणार नाही अशा बेतानं खिशात हात घालतात आणि आपल्या फोनचं झाकण घट्ट बसलंय ना, हे अंगठ्यानं दाबून बघतात.