गाडीचा डोळा

गाडीची समोरची काच फुटली त्या दिवशी आबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, पहिला प्रश्न विचारला तो हा: "चालवत कोण व्हतं?"

कुणाला लागलं का, हे नाही. कुठं झालं, हेही नाही. चालवत कोण होतं! मी चालवत होते. पण खडी उडते ती चालवणाऱ्याचं लुगडं बघून उडत नाही. आम्ही बारामतीहून कळंबला परत येत होतो. पुढं खडीचा डंपर होता, ताडपत्री न बांधता भरधाव निघालेला. एक खडा उडाला आणि टणकन काचेवर बसला, बरोबर आरशाच्या पुढं. आधी नुसता ठिपका दिसत होता. घर येईपर्यंत त्याला पाय फुटले आणि चीर वरपासून खालपर्यंत उतरली. मी गाडी अंगणात लावली, आबा ओट्यावरून उठून आले, चिरेवरून बोट फिरवलं आणि निकाल देऊन मोकळे झाले. बाईमाणसाच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं. किल्ली आजपासून पोराकडं.

पोरगा म्हणजे त्यांचा मुलगा, माझा पुतण्या. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप. मनानं वाईट नाही, पण गाडी अशी हाणतो की मागं बसलेल्या माणसानं कुलदैवताला नवस बोलावा. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि मला म्हणाला, "काकू, तुमी टेन्शन घिऊ नका. सांगाल तितं मी सोडीन."

सांगाल तितं! मागं एकदा असंच सोडलं होतं त्यानं आम्हाला, बारामतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात. "आलोच" म्हणून गेला तो दिवस कलला तरी आला नाही. ह्यांच्या डोळ्यात इंजेक्शन दिलेलं, वर पट्टी, आणि आम्ही दोघं बाकावर. हे मांडीवर हात ठेवून बसून राहिले. आयुष्यभर स्वतःच्या हातानं ट्रॅक्टर, जीप चालवलेला माणूस दुसऱ्याची वाट बघत बाकावर बसलेला मला बघवेना. त्याच आठवड्यात मी गाडीच्या शिकवणीला नाव घातलं. पन्नाशी उलटल्यावर.

उसानं आमचं घर चालवलं आणि साखरेनं ह्यांचे डोळे नेले. डोळ्यांचा पडदा खराब झाला म्हणतात. आता ह्यांना उजेड कळतो, समोरचा माणूस कळतो, त्याचा चेहरा कळत नाही. दर महिन्याला बारामतीची फेरी असते. म्हणूनच नवी गाडी घेताना ह्यांनी एकच हट्ट धरला होता, की कॅमेऱ्याची घ्यायची. काचेच्या आतल्या बाजूला, आरशामागं बारीक कॅमेरा असतो. तो समोरचा रस्ता बघत राहतो. पुढं काही आडवं आलं तर गाडी आपण होऊन ब्रेक लावते, आणि आपण पांढरा पट्टा सोडायला लागलो तर स्टिअरिंग थरथरून सांगतं. हे म्हणाले होते, "माझे डोळे गेले, गाडीचा तरी शाबूत असू दे." तरीही शेजारी बसले की दारावरची मूठ घट्ट धरायचे. घरापासून दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यापासून घरापर्यंत, बोटं पांढरी होईस्तोवर. माझ्यावर विश्वास नव्हता असं नाही, पण दिसत नसताना दुसऱ्याच्या हाती जीव देणं सोपं नसतं.

काच फुटली आणि तो कॅमेराही आंधळा झाला. गाडीतल्या पडद्यावर पिवळी खूण आली ती जाईना. पुतण्या म्हणाला, इंदापुरात बाजारात साधी काच मिळते, दुपारपर्यंत बसवून आणतो. कॅमेरा बंद पडला तर पडू दे. "चालवणार मीच हाय की. मला कशाला पायजे कॅमेरा?" आबांनी मान डोलावली. मी तोंड उघडणार तोच हे बोलले. फार दिवसांनी त्यांचा तो जुना, बांधावरून हाक मारायचा आवाज ऐकला.

"काच बसंल ती डोळ्यासकट बसंल. आन् डोळा नीट झाला तर किल्ली हिच्याकडं."

पुतण्या हसला. त्याच्या मित्राची गाडी म्हणे काच बदलल्यापासून उसाची ट्रॉली दिसली की उगाच बोंबलते. एकदा बिघडलेला कॅमेरा परत जुळत नसतो. "न्हाय जुळला तर?" त्यानं विचारलं.

"न्हाय जुळला तर तुझ्याकडं," हे म्हणाले.

झालं. माझी किल्ली त्या बोटाएवढ्या कॅमेऱ्यावर पणाला लागली.

बारामतीच्या वर्कशॉपमध्ये काच बसवून झाली. गोंद वाळायला म्हणून गाडी रात्रभर तिथंच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं पुन्हा हजर झालो. कॅमेरा जुळवणारा मेकॅनिक लॅपटॉप घेऊन आला. गाडीसमोर मोजून मापून काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक फळा उभा केला. कॅमेऱ्याला तो फळा दिसला पाहिजे, मग त्याला सरळ कुठं आणि वाकडं कुठं ते कळतं, असं त्यानं सांगितलं. आणि आत बसून बटण दाबलं तर कॅमेऱ्याला काहीच दिसेना. पुतण्या माझ्याकडं बघून मिश्या पिळायला लागला. मेकॅनिक खाली उतरला, काचेसमोर गेला आणि म्हणाला, "हे कुणी केलं?"

काचेवर, अगदी कॅमेऱ्याच्या तोंडावर, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उठलं होतं.

आमच्याकडं नवी वस्तू घरात आली की तिला हळदीकुंकू लागतंच. मोटार असो, पंप असो, पिठाची चक्की असो. नवी काच म्हणजे नवी वस्तू. मी कागदावर सही करायला गेले तेवढ्यात ह्यांनी खिशातली पुडी काढली होती आणि चाचपडत, आरसा कुठं आहे त्याचा अंदाज घेत, बरोबर डोळ्याला कुंकू लावलं होतं. डोळ्याचं रक्षण व्हावं म्हणून डोळाच लिंपला! मला हसू आवरेना. ह्यांचं तोंड मात्र उतरलं. मेकॅनिकनं फडकं पुढं केलं तसे ताठ झाले. "कुंकू पुसायचं न्हाय. अभद्र असतं."

"पुसत नाही हो, हलवते," मी म्हणाले. बोटानं सगळं कुंकू काढलं, थोडं बॉनेटला लावलं आणि उरलेलं ह्यांच्या कपाळाला. काच फडक्यानं स्वच्छ केली. मेकॅनिकनं परत बटण दाबलं आणि या वेळी कॅमेऱ्यानं फळा ओळखला.

मला वाटलं जिंकलो. पण ते अर्धंच काम होतं. उरलेलं रस्त्यावर. पांढरे पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर गाडी एका लयीत, कमीजास्त न करता, पट्ट्यांच्या मधोमध चालवायची. कॅमेरा पट्टे बघत जातो, लॅपटॉपवर हिरवी रेघ पुढं सरकत जाते, ती शेवटाला पोचली की पिवळी खूण आपोआप जाते. "कोण चालवणार?" मेकॅनिकनं विचारलं, आणि पुतण्या कधीच स्टिअरिंगवर जाऊन बसला होता.

बारामती-इंदापूर रस्त्याला ऊसतोडीच्या हंगामात पट्टे दिसत नाहीत. ट्रॉल्यांच्या चाकांचा चिखल आणि सांडलेलं पाचट यांनी सगळं झाकलेलं असतं. म्हणून सरळ इंदापूर गाठलं आणि सोलापूर हायवेला लागलो. पट्टे चुन्याच्या फक्कीसारखे लख्ख. मी आणि हे मागं. हिरवी रेघ निघाली, पण पुतण्याचा पाय काही एका जागी ठरेना. पुढं ट्रक दिसला की घाल डावीकडून, टँकर दिसला की मार ब्रेक, परत पळव. रेघ निम्म्यात जाऊन थांबायची आणि मागं यायची. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, वेग सारखा ठेवा. लेन बदलू नका." पुतण्या म्हणाला, "आवो, पर ही ट्रकं मधी येत्यात!" परत रेघ निम्म्यात गेली आणि परत मागं आली. मेकॅनिकनं घड्याळाकडं बघितलं. "आज नाही होणार असं दिसतंय."

"बघा, म्हणलं व्हतं ना," पुतण्या आरशातून मला म्हणाला.

माझं डोकं सणकलं. "गाडी कडेला घे," मी म्हणाले. "घे म्हणते ना!"

तो उतरला, कारण चुलती त्या आवाजात फार क्वचित बोलते. ह्यांना मी पुढं, माझ्या शेजारी बसवलं. मेकॅनिक लॅपटॉप घेऊन मागं गेला, पुतण्या त्याच्या शेजारी.

आता एक सांगते. घरातले सगळे माझ्या गाडी चालवण्याची टिंगल करतात. "काकू गाडी चालवत न्हाय, सरी पाडती," हे पुतण्याचंच वाक्य. खरंच आहे ते. मी आयुष्यात आधी ट्रॅक्टर शिकले. लग्नानंतर काही वर्षांनी, ऐन उसाच्या लागणीच्या वेळी ट्रॅक्टरवरचा माणूस सोडून गेला आणि ह्यांचा हात मोडलेला. ह्यांनी मला सीटवर बसवलं आणि स्वतः बांधावर उभे राहिले. उसाची सरी वाकडी गेली की पाणी वाकडं जातं, आणि सगळं गाव हसतं. हे बांधावरून ओरडत होते, "चाकाकडं बघू नको! समोरच्या बाभळीवर नजर ठेव! पाय हलवू नको!" दिवस मावळेपर्यंत मी सऱ्या पाडल्या, दोरी लावून आखल्यासारख्या. आबासुद्धा येऊन बघून गेले होते.

हायवेला लागले. वेग धरला आणि पाय थिजवला. पुढच्या ट्रकच्या मागं मुद्दाम लांब राहिले, इतकी की त्यानं काहीही केलं तरी मला ब्रेक लावायला नको. मागचे हॉर्न वाजवत होते. वाजवा, म्हटलं, तुमचाच हात दुखेल. एक गाडीवाला काच खाली करून काहीतरी बोलून गेला. पाय हलला नाही. मेकॅनिक मागून म्हणाला, "निम्मी झाली." पुढं माझी नजर खाली, पट्ट्याकडं घसरायला लागली.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, अगदी हळू. "चाकाकडं बघू नको. समोर बाभळ हाय."

बाभळ कुठली! समोर पूल होता आणि त्याच्यापलीकडं आभाळ. आणि ह्यांना तर पूलही दिसत नव्हता. पण मी नजर उचलून लांब टाकली, आणि गाडी आपसूक मधोमध आली. पाय काही हलू दिला नाही.

मेकॅनिक एकदम म्हणाला, "झालं!" पडद्यावरची पिवळी खूण गेली आणि तिथं दोन हिरवे पट्टे उमटले. मी हॉर्न दिला, चांगला लांबलचक, अख्ख्या हायवेला कळावं असा. हे विचारत होते, "काय झालं? अगं काय झालं?"

"उघडला हो डोळा!"

मेकॅनिकला इंदापूरच्या स्टँडवर बारामतीच्या एसटीत बसवून दिलं. जाताना तो पुतण्याला म्हणाला, "काकूंसारखी चालवत जा जरा." पुतण्याला हे त्यानं सांगायची गरज नव्हती. तो मागं बसून खिडकीबाहेर बघत होता.

घराकडं वळायच्या आधी एक मोकळा, सरळ रस्ता लागतो, ट्रॉल्या तिकडून जात नाहीत म्हणून पट्टे स्वच्छ असतात. मागंपुढं कुणी नव्हतं. ह्यांनी दारावरची मूठ डाव्या हातानं धरलेली होती, उजवा हात रिकामाच होता. तो उचलून मी स्टिअरिंगवर ठेवला, वर माझा हात. आणि गाडी हलकेच पांढऱ्या पट्ट्याकडं जाऊ दिली. स्टिअरिंग थरथरलं. हे दचकले. मग म्हणाले, "परत." परत केलं. परत थरथरलं. हे हसायला लागले, शाळकरी पोरासारखे. किती दिवसांनी त्या माणसाच्या हाताखाली गाडी बोलत होती. दारावरची मूठ कधी सुटली ते त्यांनाही कळलं नाही, मी मात्र बघितलं.

अंगणात गाडी लावली. आबा ओट्यावर होते. काच बघितली, बॉनेटवरचं कुंकू बघितलं, लेक मागच्या दारानं उतरतोय ते बघितलं. आणि सवयीनं विचारलं, "चालवत कोण व्हतं?"

मी उत्तर देणार होते, चांगलं तिखटमीठ लावून. पण हे आधी बोलले.

"ही व्हती," ते म्हणाले. आणि दार धरून उतरता उतरता, कपाळावरचं कुंकू तसंच, छाती पुढं काढून म्हणाले, "येताना थोडी मी बी चालवली."

आमच्या घरात किल्ली ओट्यावरच्या खिळ्याला लावायची रीत आहे, ज्याला लागेल त्यानं घ्यावी. मी खिळ्याजवळून पुढं गेले आणि हातातली किल्ली कमरेला खोचली.